मुरूम, मलम आणि ट्यूबवरची बारीक अक्षरे

आमच्या करमाळ्याकडे ‘मुरूम’ म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक रस्त्यावर पसरतात तो, आणि दुसरा नववी-दहावीत गेल्याबरोबर हनुवटीवर उगवतो तो. पहिल्याविषयी तालुक्यातल्या प्रत्येकाला सगळे कळते. दुसऱ्याविषयीही आपल्याला सगळे कळते असा प्रत्येकाचा समज असतो, आणि माझी तक्रार नेमकी या समजाबद्दल आहे.

मी भौतिकशास्त्राचा अध्यापक, त्वचेचा डॉक्टर नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, ते प्रयोगशाळेत घडलेल्या एका गोष्टीमुळे. वर्णपटमापकाचा प्रयोग चालू होता. एक विद्यार्थिनी चेहऱ्याचा स्कार्फ काही केल्या सोडेना आणि सोडियम दिव्यापाशी जाईना. विचारले तेव्हा म्हणाली, “सर, दिव्याची ऊब लागली तरी तोंड जळजळतं.” मुरूम आले म्हणून शेजारच्या काकूंनी तिला एक ट्यूब दिली होती. आठ दिवसांत चेहरा स्वच्छ आणि उजळ झाला. लावणे थांबवले तर मुरूम दुपटीने आले, म्हणून पुन्हा लावली. असे पाच महिने चालले होते. ट्यूब तिच्या पिशवीतच होती. व्हर्निअर वाचायचे भिंग घेऊन आम्ही तिच्यावरची अक्षरे वाचली. औषधाचे नाव होते बीटामेथासोन. हे एक जोरदार स्टिरॉइड आहे.

हे औषध मुरुमावर का लावू नये हे कळायला आधी मुरूम म्हणजे काय ते पाहू. चेहऱ्यावरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म नळी असते आणि तिला तैलग्रंथी जोडलेल्या असतात. वयात येताना अँड्रोजन नावाची संप्रेरके वाढतात. ती मुलांत असतात तशी मुलींतही असतात. त्यांच्यामुळे ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी नळीच्या आतल्या कातडीच्या पेशी नीट गळून न पडता एकमेकींना चिकटतात आणि नळीला बूच बसते. कोंडलेल्या तेलात नेहमीचेच जंतू वाढतात, त्यांच्याविरुद्ध शरीर लढा उभारते, आणि ती जागा लाल होऊन सुजते. बुचाचे तोंड उघडे असेल तर ते काळे दिसते. तो काळेपणा मळाचा नसतो. हवेशी संयोग पावलेल्या तेलाचा आणि त्वचेतल्याच रंगद्रव्याचा असतो. म्हणून दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड घासणाऱ्या मुलालाही मुरूम येतात, आणि “तू तोंड धूत नाहीस” असे त्याला म्हणणे सरळ चूक आहे.

आता स्टिरॉइड. त्वचेवर लावायचे हायड्रोकॉर्टिसोन 1952 साली वापरात आले आणि इसबासारख्या रोगांच्या उपचारात क्रांती झाली. औषध म्हणून ते उत्तम आहे. ते सूज दाबते आणि त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. स्टिरॉइडचा जोर मोजण्याची एक पद्धतच अशी आहे की, ते कातडीवर लावायचे आणि कातडी किती फिकट पडते ते पाहायचे! आमच्या विद्यार्थिनीच्या चेहऱ्याला आलेला तो ‘उजळपणा’ हा असा होता. पण नळीचे बूच तसेच राहते. महिनोन्‌महिने लावल्यास चेहऱ्याची कातडी पातळ होते, तिच्याखालच्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, नको तिथे केस उगवतात आणि स्टिरॉइडचेच म्हणून वेगळे मुरूम येतात. बंद केले की आकुंचित रक्तवाहिन्या एकदम फुलतात, चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा होतो, आणि मनुष्य घाबरून पुन्हा ट्यूब हाती घेतो.

हा एकट्या मुलीचा प्रश्न नाही. देशातल्या 12 केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते आणि निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलेले होते. 2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या 14 स्टिरॉइडांची जुनी सवलत काढून घेतली आणि ती चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले. नियम झाला, पण सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडे, असे असले की नियमाचे काय होते ते तुम्हीच पाहता.

काकूंना मी दोष देत नाही. त्यांना ‘गुण’ खरोखरच दिसला होता. चूक आहे ती पटकन गुण आला म्हणजे औषध खरे, या समजुतीत. मुरूम आपण होऊनही कमी-जास्त होत असतात. ते सर्वांत जास्त असतात तेव्हाच आपण काहीतरी लावतो, आणि त्यानंतर ते कमी होणे बहुधा ठरलेलेच असते. श्रेय मात्र लिंबाला, टूथपेस्टला नाहीतर काकूंना मिळते. शास्त्रज्ञ यावर एक छान युक्ती करतात. चेहऱ्याच्या एका बाजूला औषध लावतात, दुसऱ्या बाजूला नुसता लेप, आणि कोणती बाजू कोणती हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. माणूस एकच, वय, ऊन, जेवणखाण तेच. फरक उरतो तो औषधाचा. (हे घरी करून पाहू नका, लिंबाच्या आम्लाने चेहरा भाजतो आणि डाग वाढतात.)

स्टिरॉइडपेक्षाही वाईट प्रकार पाऱ्याचा. कातडीला रंग देणारे मेलॅनिन ज्या विकराच्या साहाय्याने बनते, त्याचे काम पारा बंद पाडतो. म्हणून काही ‘गोरे करणाऱ्या’ क्रीममध्ये तो चोरून घातला जातो. पण तो कातडीवाटे रक्तात जातो आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता डॉक्टर त्या वापरत असलेल्या क्रीमपर्यंत पोहोचले, आणि त्यात पारा निघाला. ज्या डबीवर घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक यांपैकी काहीच नाही, ती डबी चेहऱ्याजवळ आणू नका.

मोठ्या माणसांच्या गालांवर येणाऱ्या वांगाच्या डागांत माझ्या विषयाचाही थोडा संबंध आहे. संप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्या जोडीला ऊन त्यांना वाढवते. करमाळ्याचे अक्षांश सुमारे 18.4 अंश उत्तर. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. किरणांचा वातावरणातला मार्ग आखूड होतो आणि अतिनील किरण जास्त पोहोचतात. एस.टी.च्या खिडकीची काच त्यांतले लघुलहरी किरण बरेचसे अडवते, दीर्घलहरी मात्र पुष्कळ आत येऊ देते. वांगाला तर दृश्य प्रकाशही पुरतो. छत्री, रुंद काठाची टोपी, पदर यांची किंमत म्हणूनच मोठी आहे.

मग मुरुमावर काही करायचेच नाही का? करायचे. सौम्य साबणाने दोनदा तोंड धुवा, मुरूम फोडू नका. फोडल्याने खड्डे पडतात. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापॅलीन ही तपासून सिद्ध झालेली औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या आणि आठ ते बारा आठवडे धीर धरा; बूच सुटायला तेवढा वेळ लागतोच. (बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, आईला आधी सांगून ठेवा.) मुरूम गेल्यावर उरणारे काळे डाग आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत जास्त दिसतात, तेही बहुधा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. लहान मुलांच्या गालांवरचे पांढुरके, खरखरीत चट्टे कॅल्शियमच्या कमतरतेने येत नाहीत. तो कोरड्या इसबाचा सौम्य प्रकार आहे. मात्र ज्या फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, तो लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध तिथे मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

शिक्षकांना माझे एक सुचवणे आहे. रसायनशास्त्राच्या एका तासाला मुलांना घरातल्या रिकाम्या ट्यूब आणायला सांगा. त्यांवरची नावे भिंगाने वाचू द्या, वहीत उतरवू द्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे किती घरांत निघतात ते पाहा. विद्युतघटाची आकृती मुले पाठ करतात, पण स्वतःच्या गालाला काय लावले हे त्यांना सांगता येत नाही, हे मला विचित्र वाटते.

आमची विद्यार्थिनी पुढे सोलापूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. चेहरा ताळ्यावर यायला सात-आठ महिने लागले आणि मधले काही आठवडे फार कठीण गेले. डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले, “काय लावत होतीस?” तिने पिशवीतून ती ट्यूब काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.