चेटकीण गेली, राजकन्या आली

३१ मे २०१२ ला अमेरिकेत, फ्लोरिडामध्ये, एक चेटकीण सेवानिवृत्त झाली. एकाच जागेवर जवळजवळ एकेचाळीस वर्षं नोकरी. (माझी शाळेतली छत्तीस भरली, म्हणजे ही बाई मला ज्येष्ठच!) तिच्या जागी नव्या मुली आल्या. सुंदर, हसतमुख, घोळदार झग्यातल्या. हा बदल बरा की वाईट यावर डिस्नेच्या थीम पार्कांचे चाहते तेव्हाही भांडत होते आणि अजूनही भांडतात. पोटतिडकीने भांडतात हो, आपल्याकडे लता की आशा यावर भांडायचे तसे!

ही चेटकीण म्हणजे आपल्या ओळखीचीच, 'हिमगौरी आणि सात बुटके' मधली विषारी सफरचंदवाली. डिस्नेने १९३७ साली या गोष्टीवर आपला पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट काढला. पुढे १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथे हिमगौरीची 'डार्क राइड' केली. डार्क राइड म्हणजे जत्रेतल्या भूतबंगल्याची श्रीमंत बहीण समजा. अंधाऱ्या इमारतीत छोट्या गाड्या रुळावरून वळणं घेत जातात आणि प्रत्येक वळणावर गोष्टीतला एकेक देखावा उजळतो. फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, आणि ही राइड तिथेही पहिल्या दिवसापासून होती.

यातली गंमत मला फार आवडते. मूळ राइडमध्ये हिमगौरी दिसतच नसे. लोक बाहेर येऊन विचारायचे, अहो, हिमगौरी कुठाय? करणाऱ्यांच्या मनात असं होतं की गाडीत बसलाय तोच हिमगौरी! आरशासमोरची राणी तुमच्यावर जळते आहे, जंगलातली झाडं तुमच्याकडे हात पसरताहेत, सफरचंद तुमच्यापुढे धरलंय. ही कल्पना लोकांच्या लक्षात येईना आणि लहान मुलं रडत बाहेर येऊ लागली, तेव्हा पुढे दुरुस्त्या झाल्या. कॅलिफोर्नियात १९८३ साली आणि फ्लोरिडात १९९४ साली हिमगौरी प्रत्यक्ष दिसू लागली, नावातच 'भीतीदायक' असा शब्द घालून पालकांना सावध केलं, फ्लोरिडात शेवटही गोड केला. तरी चेटकीण होतीच.

ती गेली आणि त्याच इमारतीत १८ सप्टेंबर २०१३ ला 'प्रिन्सेस फेअरीटेल हॉल' उघडला. हा मीट अँड ग्रीटचा प्रकार. म्हणजे रांगेत उभं राहायचं, नंबर आला की आतल्या दालनात जायचं. तिथे सिंड्रेला किंवा रॅपन्झेल, म्हणजे त्या वेषातली मुलगी, तुमच्या मुलांशी बोलते, वहीत सही देते, फोटो काढून घेते. झालं. दर्शन म्हणतो ना आपण, अगदी तेच.

वादातला एक पक्ष म्हणतो, पात्रं काय, पूर्वी रस्त्यावरही भेटायची. त्यासाठी सबंध राइड कशाला पाडायची? दुसरा म्हणतो, जुनाट बाहुल्या आणि अडीच-तीन मिनिटांचा फेरा, आजच्या मुलांना राजकन्या हवी आहे, द्या की. हिशेब बघितला तर पहिल्या पक्षाचं म्हणणं पटतं. एका दालनात एका कुटुंबाला दोन मिनिटं धरली तर तासाला तीस कुटुंबं. गाड्या मात्र एकीमागून एक सुटतच राहतात. पण नोव्हेंबर २०१३ मध्ये 'फ्रोझन' आला आणि एल्सा व अॅना या बहिणींनी सगळे हिशेब उधळून लावले. एप्रिल २०१४ मध्ये त्यांना याच हॉलमध्ये आणलं, तर लोक तासन् तास उभे! तेव्हा मुलांना राजकन्या नको होत्या असं म्हणायची सोय उरली नाही.

आणखी एक गोष्ट या भांडणात फारशी कोणी काढत नाही. २००९ साली कंपनीने या भागाच्या विस्ताराचा जो पहिला आराखडा जाहीर केला, त्यात राजकन्यांना भेटायची स्वतंत्र घरं नव्या जागेत होती. त्यावर ओरड झाली की हे सगळं मुलींसाठीच, मुलग्यांना काय? मग जानेवारी २०११ मध्ये आराखडा बदलला. त्या जागेत सात बुटक्यांच्या खाणीची रोलर कोस्टर आली आणि राजकन्यांची सोय जुन्या हिमगौरीच्या इमारतीत लावली. म्हणजे राजकन्या जास्त झाल्या म्हणून चाहत्यांनीच हाकाटी केली आणि किंमत मोजली चेटकिणीने. कंपनी आपला फायदा बघणारच. पण हे चाहत्यांनी मनात ठेवावं.

आता माझं म्हणणं. लेक टॅम्पाला असते, त्यामुळे मी दोन्ही पाहिली आहेत. २०११ च्या उन्हाळ्यात गुहा, २०१४ ला हॉल.

२०११ ला नात पाच वर्षांची होती. गाडी आत शिरली तशी तिने माझा पदर तोंडावर ओढला आणि एका डोळ्यापुरती फट ठेवली. राणीची चेटकीण होते तिथे ती फटही मिटली. पुढच्या वळणाला पुन्हा उघडली. आपण बाहेर उन्हात आलो हे कळल्यावर तिने पदर सोडला, मिनिटभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आज्जी, परत." आम्ही परत गेलो. दुसऱ्या खेपेला तिने पदर हातात धरून ठेवला, तोंडावर घेतला नाही. एवढंच. तिच्या आईला यातलं काही दिसलं नाही, ती मागे बसली होती. फोटोही नाही, त्या अंधारात कसला फोटो! त्या रात्री लेकीच्या घरी आमच्या बाईसाहेब डोक्यावर टॉवेल घेऊन सगळ्यांना सफरचंद देत फिरत होत्या.

२०१४ ला ती आठ वर्षांची आणि धाकटा भाऊ साडेतीन. तिला एल्साला भेटायचं होतं. आमची पाळी आली तेव्हा तिने विचारलं, हातमोजे घालून हाताला खाज येत नाही का? एल्सा झालेल्या त्या मुलीने चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं, येते ना, म्हणून तर काढून टाकले! नात अजून ती गोष्ट सांगते. नातू मात्र आईच्या मागे. एल्सा गुडघ्यावर बसली, त्याच्या उंचीला आली, हळू आवाजात नाव विचारलं. घरी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या या मुलाला स्वतःचं नाव आठवेना! फोटोत त्याचं एक कोपर आहे.

मला एकदम आमच्या शाळेची तपासणी आठवली. साहेब वर्गात आले की सगळ्यात हुशार मुलगा पाढा विसरायचा. साहेब बिचारे प्रेमाने विचारायचे, "बाळ, तुझं नाव काय?" पण सगळा वर्ग बघतोय, बाई बघताहेत, दारात हेडमास्तर उभे... मूल गप्प! तेच मूल शनिवारी शेवटच्या तासाला, पाऊस म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या अर्धवट अंधारात मी गोष्ट सांगायला लागले की राक्षसाच्या अंगावर धावून जायचं. कारण तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत नसायचं. मीसुद्धा नाही. मी राक्षस करण्यात दंग!

माझ्या मते ती गुहा जाण्यात खरं नुकसान झालं ते हे. तिथे मुलाकडे कोणी बघत नव्हतं. घाबरावं, डोळे मिटावेत, एक उघडावा, पुन्हा जायचं की नाही ते स्वतः ठरवावं. हे सगळं मुलाचं त्याच्यापाशी. भेटीच्या दालनात मुलाला काहीतरी करून दाखवावं लागतं. हसावं लागतं, बोलावं लागतं, फोटोकडे बघावं लागतं. मागे आई-बाबा मोबाइल धरून, "अगं बोल ना, बोल ना!" धीट मुलीला त्यातून आयुष्यभराची गोष्ट मिळते, आमच्या नातीला मिळाली. लाजाळू मुलाला आणखी एक परीक्षा. आणि लाजाळू मुलं काही थोडीथोडकी नसतात, छत्तीस वर्षं मी ती मोजली आहेत.

ऑटिझम असलेल्या एका मुलाने ही हिमगौरीची राइड हजारो वेळा केली, आणि त्याच्या वडिलांनी त्यावर पुस्तक लिहिलं आहे. रोज तेच वळण, तोच आरसा, तीच चेटकीण, त्याच क्रमाने. आपल्याला कंटाळवाणं वाटेल. पण जे मूल माणसांच्या चेहऱ्यांनी गोंधळून जातं त्याला न बदलणारी गोष्ट म्हणजे केवढा आधार!

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर लेक म्हणेल आई एकतर्फी लिहिते. राजकन्या झालेल्या त्या मुली मेहनती असतात. दिवसभर शेकडो मुलं, प्रत्येकाशी पहिल्यांदाच भेटल्यासारखं बोलायचं, भूमिका सोडायची नाही. बाहुली गुडघ्यावर बसत नाही, हातमोज्याचं उत्तर देत नाही. शिवाय चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला अशा बऱ्याच छोट्या गाड्यांत उचलून बसवावं लागतं. दालनात ते आपल्या खुर्चीतच राजकन्येपुढे जातं. हे काही कमी नाही. पण माणसाच्या भेटीला माणसांची दुखणीही लागतात. करोनात २०२० च्या मार्चमध्ये पार्क बंद झालं, जुलैत उघडलं, पण पात्रांना पहिल्यासारखं मिठी मारायला मिळायला एप्रिल २०२२ उजाडलं.

चाहत्यांची एक सवय मला खटकते. चाळिशी-पन्नाशीचे हे लोक स्वतःचं बालपण गेलं म्हणून रडतात आणि नाव मुलांचं घेतात. 'मिस्टर टोड'ची राइड ७ सप्टेंबर १९९८ ला बंद झाली तेव्हाही असंच. टी-शर्ट छापून, पार्कात जमून निदर्शनं! तिथे विनी द पूह आला, आणि त्या राइडमध्ये टोड घराची कागदपत्रं घुबडाच्या हवाली करतोय असं एक चित्र लावून कंपनीने जुन्या मालकाचा मान राखला. आज लहान मुलं पूहवर खूष आहेत, त्यांचं काही बिघडलेलं नाही. कारण गोष्टीच्या जागी गोष्ट आली. राइड गेली याचं मला दुःख नाही. गोष्टीच्या जागी रांग आली, याचं आहे.

आणि घाबरवणं वाईट, मुलांच्या मनावर परिणाम होतो, असं म्हणणाऱ्या आजच्या आईबापांना मी विचारते, मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण तुम्ही लहानपणी पाहिलीत ना? काय परिणाम झाला? आईला चिकटून बसलात, हसलात, घरी येऊन नकला केल्यात. कॅलिफोर्नियाची राइड मात्र अजून आहे. ३० एप्रिल २०२१ ला ती रंगरंगोटी करून, नावातला 'भीतीदायक' काढून, 'एन्चांटेड विश' म्हणून पुन्हा उघडली. त्यावर राजपुत्राने झोपलेल्या मुलीचा मुका घ्यावा का असा वेगळाच वाद झाला, तो माझ्या कक्षेबाहेरचा!

फ्लोरिडाच्या जुन्या राइडमधले काही बुटके मोडीत काढले नाहीत. २८ मे २०१४ ला खाणीची रोलर कोस्टर सुरू झाली, तिच्या शेवटी एक झोपडी लागते, त्यात ते नाचताना दिसतात. हिमगौरीही आहे. गाडी वळते तशी दाराबाहेर चेटकीणही दिसते, वाकलेली, आत शिरायच्या बेतात. पण जुन्या गुहेत कडेवरचं मूलही मांडीवर घेऊन बसता यायचं. या गाडीत बसायला मुलाची उंची अडतीस इंच लागते.