हसतील लोक, हसू द्या!

मोहोळमध्ये बसून मोबाईलवर ब्रिटिश पॅनल शो बघताय? मग घरच्यांचा प्रश्न ठरलेला, ‘त्या गोऱ्यांचं तुला काय कळतं रे?’

कळतं की! बीबीसीवर २००७ पासून चालणारा ‘वुड आय लाय टू यू?’ घ्या. एकानं स्वतःबद्दल अजब किस्सा सांगायचा. तो खरा की थाप, हे समोरच्या टीमनं उलटतपासणी करून ओळखायचं. ली मॅक आणि डेव्हिड मिचेल हे दोन कॅप्टन. गुण मोजतात, पण ते लक्षात कोण ठेवतं? लक्षात राहतो तो हजरजबाबीपणा आणि स्वतःवर हसायची तयारी.

हे आपल्याला नवीन नाही. कलगी-तुऱ्यात दोन फड समोरासमोर यायचे. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. सोलापूर तर शाहीर रामजोशींचं गाव. चहाच्या टपरीवर आजही आपली जुगलबंदी रंगतेच.

मग स्टेजवर गेलो की जीभ का अडखळते? कारण ‘चुकलो तर लोक हसतील’ ही धास्ती. म्हणून गॅदरिंगला पाठ केलेलं स्किट आणि ठरलेले पंच.

यंदा एक फेरी वेगळी ठेवा. दोन टीम, पाठांतर बंद. नियम एकच : जात, रंग, कुणाच्या घरची गरिबी यावर विनोद नाही. तिथं एकदा भीड चेपली, की उद्या मुलाखतीत आणि ग्रामसभेत प्रश्न विचारतानाही आवाज कापणार नाही.