दोन विजय, आठ पराभव आणि एक करंडक: १९५६चा हाइझमन खरा कोणाचा? 🧵

१) अमेरिकेच्या विद्यापीठीय फुटबॉलमध्ये हाइझमन करंडक हा वैयक्तिक पराक्रमाचा सर्वोच्च मान समजला जातो. १९५६ साली तो ज्याला मिळाला, त्याचा संघ त्या हंगामात दहापैकी आठ सामने हरला होता. त्याच हंगामात आठ सामन्यांत ९८६ यार्ड धावणारा आणि १०६ गुण मिळवणारा खेळाडू मतमोजणीत पाचवा आला. हा निकाल चुकीचा होता, हे या धाग्यात पुराव्यानिशी मांडतो.

२) खेळ अपरिचित असणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावतात किंवा सहकाऱ्याकडे फेकतात. तो प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की ‘टचडाउन’, म्हणजे ६ गुण. त्यानंतर मारलेली किक साधली तर आणखी १. चेंडू किती पुढे नेला याचे माप यार्डांत, आणि एक यार्ड म्हणजे तीन फूट.

३) आता करंडकाविषयी. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबने १९३५ साली तो सुरू केला. पहिल्या वर्षी केवळ मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील खेळाडूंचा विचार झाला आणि शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर पहिला मानकरी ठरला. क्लबचे क्रीडासंचालक व नामांकित प्रशिक्षक जॉन हाइझमन १९३६ साली निवर्तले. करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले आणि त्याची कक्षा देशभर विस्तारली.

४) निवड मतदानाने होते आणि मतदार प्रामुख्याने क्रीडापत्रकार असतात. प्रत्येकाने पसंतीक्रमाने तीन नावे लिहायची. पहिल्या नावाला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. बेरीज ज्याची सर्वाधिक, करंडक त्याचा. पद्धत दिसते साधी, पण १९५६चा सारा घोळ या साधेपणातच दडला आहे.

५) त्या वर्षीची मोजणी पाहा:
पॉल हॉर्नंग (नोत्र दाम): १०६६
जॉनी मेजर्स (टेनेसी): ९९४
टॉमी मॅकडॉनल्ड (ओक्लाहोमा): ९७३
जेरी टब्स (ओक्लाहोमा): ७२४
जिम ब्राउन (सिरॅक्यूज): ५६१

६) पहिल्या पसंतीची सर्वाधिक मते मात्र हॉर्नंगला नव्हती. मॅकडॉनल्डला २०५, हॉर्नंगला १९७, मेजर्सला १७२, टब्सला १२१ आणि ब्राउनला ११८ मते होती. हॉर्नंगला तारले ते दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीने. नियमानुसार निकाल वैध आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. परंतु वैध आणि न्याय्य हे दोन निराळे शब्द आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांची गल्लत करू नये.

७) पुराव्याआधी शिस्तीचा एक मुद्दा. राजवाड्यांनी उत्तरकालीन बखरींना समकालीन अस्सल कागदांची कसोटी लावली. तीच कसोटी येथे लावू. ब्राउन पुढे क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळला आणि व्यावसायिक फुटबॉलमधील महान धावपटूंत गणला गेला. हा पुरावा आपण वापरायचा नाही. मतदारांच्या हाती १९५६चा हंगाम होता, भविष्य नव्हते.

८) इतकेच काय, १ जानेवारी १९५७ रोजीचा कॉटन बाउल सामनाही मी बाजूला ठेवतो. त्यात टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाविरुद्ध ब्राउनने एकट्याने २१ गुण मिळवले आणि सिरॅक्यूज २७–२८ असे अवघ्या एका गुणाने हरले. पण तोवर करंडक दिला गेला होता. ब्राउनचे जे चाहते पुढील कीर्तीच्या आधारे हा वाद जिंकू पाहतात, ते बखर लिहीत आहेत. ब्राउनला त्या बखरीची गरजही नाही.

९) समकालीन पुरावा असा. नियमित हंगामातील ८ सामन्यांत ब्राउनने १५८ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि ९८६ यार्ड मिळवले. प्रत्येक धावेला सरासरी ६.२ यार्ड. १४ टचडाउन आणि टचडाउननंतरच्या २२ यशस्वी किक, म्हणजे एकूण १०६ गुण. सिरॅक्यूजने ७ सामने जिंकले. एकमेव पराभव पिट्सबर्गकडून, तोही ७–१४ असा.

१०) १७ नोव्हेंबर १९५६. कोलगेटविरुद्ध सिरॅक्यूज ६१–७ असे जिंकले. त्या ६१ पैकी ४३ गुण एकट्या ब्राउनचे: ६ टचडाउन आणि ७ किक. विद्यापीठीय फुटबॉलच्या अव्वल श्रेणीत एका सामन्यात इतके गुण तोवर कोणी मिळवले नव्हते. हा उच्चांक मोडायला १९९० साल उजाडावे लागले.

११) आक्षेप ठरलेला आहे: ‘कोलगेट दुबळे होते, आकडे त्याने फुगले.’ ठीक, कोलगेटचा सामना हिशेबातून काढून टाकू. त्या दिवसाचे १९७ यार्ड वजा केले तर उरतात ७ सामन्यांत ७८९ यार्ड, म्हणजे सामन्यामागे ११२हून अधिक. सर्वोत्तम दिवस पुसून टाकल्यावरही जो एवढा उरतो, त्याला एका सामन्याचा शूर म्हणता येणार नाही.

१२) आता हॉर्नंगची बाजू, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्याने पासद्वारे ९१७ आणि धावून ४२० असे एकूण १३३७ यार्ड मिळवले. तो चेंडू फेकत असे, घेऊन धावत असे, किक मारत असे आणि बचावातही उभा राहत असे. ‘गोल्डन बॉय’ हे बिरुद त्याला उगाच चिकटलेले नव्हते. खेळाडू गुणी होता. वाद त्याच्या गुणांविषयी नसून तो त्या वर्षीचा सर्वोत्तम होता काय, याविषयी आहे.

१३) त्या १३३७ यार्डांच्या आत डोकावू. हॉर्नंगच्या पासवर टचडाउन झाले ३, आणि प्रतिपक्षाने मध्येच झेलून चेंडू हिरावला असे पास होते १३. एका यशामागे चारांहून अधिक वेळा चेंडू शत्रूच्या हाती. धावांचे पाहिले तर ९४ वेळांत ४२० यार्ड, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४.५. ब्राउनचे ६.२ आठवा. बेरीज मोठी दिसते, पण तिची किंमत कोणी चुकवली तेही पाहावे लागते.

१४) ‘पण हॉर्नंग सर्व काही करत होता!’ हा युक्तिवाद आजच्या डोळ्यांनी भारी वाटतो, कारण आज आक्रमणाचे आणि बचावाचे खेळाडू वेगळे असतात. १९५६ साली खेळाडू बदलण्यावर कडक निर्बंध होते. मैदानावरच्या बहुतेकांना दोन्ही बाजूंनी खेळावेच लागे. ब्राउनही बचावात खेळे, किकही मारे. जो त्या काळाचा सार्वत्रिक नियम होता, त्याला एका खेळाडूचा खास पराक्रम ठरवणे हा कालविपर्यास होय.

१५) ‘दुबळ्या संघाचा भार त्याने एकट्याने वाहिला’ हा तिसरा युक्तिवाद. मग भार वाहून नेला कोठे? मिशिगन स्टेटविरुद्ध १४–४७. ओक्लाहोमाविरुद्ध ०–४०. आयोवाविरुद्ध ८–४८. हंगामात विजय दोन. एकटा खेळाडू दुबळ्या संघाला विजेता करू शकत नाही, हे मान्य. पण त्याच्या असण्याने फरक पडला, एवढे तरी दिसायला नको काय?

१६) आणि या युक्तिवादाची खरी परीक्षा पुढे आहे. पराभूत हंगामातील संघाच्या खेळाडूला हाइझमन मिळण्याचा प्रसंग करंडकाच्या साऱ्या इतिहासात एकदाच आला: १९५६, हॉर्नंग. दुबळ्या संघातील एकाकी वीराचा गौरव करणे हे मतदारांचे तत्त्व असते, तर ते पुन्हा कधीतरी लागू झाले असते. जे तत्त्व एकदाच आणि एकाच विद्यापीठासाठी लागू होते, ते तत्त्व नसून सबब असते.

१७) ते विद्यापीठ म्हणजे नोत्र दाम. १९४३, १९४७, १९४९ आणि १९५३ असे चार हाइझमन त्याच्या दारी आधीच आले होते. हॉर्नंग पाचवा. त्या काळी विद्यापीठीय सामन्यांच्या दूरदर्शन प्रक्षेपणावर बंधने होती. देशभर विखुरलेल्या मतदारांना बहुतेक खेळाडू प्रत्यक्ष पाहायला मिळत नसत. वृत्तसंस्थांच्या तारा, वर्तमानपत्रे आणि विद्यापीठांची प्रसिद्धिपत्रके हाच त्यांचा आधार. अशा वेळी गादीचे नाव गादीवरच्या माणसापेक्षा मोठे होते.

१८) मॅकडॉनल्डचे समर्थक म्हणतील, पहिल्या पसंतीत तोच अव्वल होता आणि टब्सबरोबर मते विभागली गेल्याने बुडाला. निवडणुकीचे विश्लेषण म्हणून हे पटण्याजोगे आहे. पण ओक्लाहोमा १०–० असे अजिंक्य होते, आणि त्या वर्षी देशात सर्वाधिक गुण मिळवणारा क्लेंडन टॉमस त्याच संघात होता. इतक्या बलाढ्य यंत्रात एका चाकाचा वाटा वेगळा काढणे फार कठीण. सिरॅक्यूजमध्ये ब्राउनचा वाटा मोजायला भिंग लागत नाही.

१९) मेजर्सचा टेनेसी संघही नियमित हंगामात अजिंक्य होता. त्याचा दावा हॉर्नंगच्या दाव्याहून भक्कम, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण धाव आणि पास मिळून त्याचे यार्ड होतात सुमारे ११००, तेही १० सामन्यांत. ब्राउनने नुसत्या धावेवर ८ सामन्यांत ९८६ गाठले. दुसरे स्थान मेजर्सला खुशाल द्या. ब्राउनच्या वर नको.

२०) येथवर फक्त खेळाचा विचार केला. आता ज्या गोष्टीला बगल दिली जाते तिच्याकडे वळू. १९३५ ते १९५५ या काळातील हाइझमनचे २१ मानकरी सर्व गोरे. ब्राउन कृष्णवर्णीय. १९५६ सालीच लुइझियाना राज्याने गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळण्यास बंदी घालणारा कायदा केला. टेनेसी ज्या दक्षिणी संघटनेत खेळे, तिच्या सामन्यात पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू उतरला तो थेट १९६७ साली.

२१) ‘मतदारांनी वर्ण पाहून मत दिले याला पुरावा काय?’ प्रश्न रास्त आहे. मतपत्रिकेवर कारण लिहायचे नसते, आणि एकेका मतदाराच्या मनातले मी सांगू शकत नाही. पण पुराव्याचे ओझे एका बाजूवर टाकून चालणार नाही. त्या हंगामाचा ब्राउन पाचवा का, याचे खेळाच्या भाषेतील उत्तर निकालाच्या समर्थकांनी द्यावे. ते मिळत नाही, तोवर दोनच कारणे उरतात: नाव आणि वर्ण. त्यांचे प्रमाण कोणी कसेही ठरवो, दोहोंपैकी एकही फुटबॉल नव्हे.

२२) काहीजण एर्नी डेव्हिसचा दाखला देतात. १९६१ साली हाइझमन मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. विद्यापीठ तेच सिरॅक्यूज, प्रशिक्षक तेच बेन श्वार्ट्झवाल्डर, पाठीवरचा क्रमांकही ब्राउनचाच ४४. ‘मग भेदभाव कुठे होता?’ असे विचारले जाते. पाच वर्षांनी उघडलेले दार आधीही उघडेच होते, असे अनुमान कोणत्या तर्कशास्त्रात बसते? डेव्हिस १९६३ साली, वयाच्या अवघ्या २३व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. व्यावसायिक स्पर्धेतील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याचे यश ब्राउनवरील अन्यायाचे प्रायश्चित्त म्हणून वापरणे, हा दोघांचाही अवमान आहे.

२३) ‘झाले ते झाले, यादी बंद झाली’ हा शेवटचा बचाव. यादी बंद नसते. रेजी बुशचा २००५चा हाइझमन २०१० साली परत गेला आणि २०२४ साली त्याला पुन्हा बहाल झाला. तरीही हॉर्नंगचे नाव खोडा, असे मी म्हणत नाही. त्याने कोणताही गैरप्रकार केला नव्हता. जे मिळाले ते त्याने घेतले. चूक देणाऱ्यांची होती, आणि ती त्यांच्याच नावे नोंदली गेली पाहिजे.

२४) मग हा खटाटोप कशासाठी? मानकऱ्यांच्या याद्या हळूहळू इतिहासाची जागा घेतात म्हणून. पन्नास-साठ वर्षांनी कोणी सामने पाहत नाही, यादी पाहतो आणि पहिला तोच श्रेष्ठ असे धरून चालतो. दरबारात कोणाला मानाची वस्त्रे मिळाली यावरून रणांगणावर कोण लढले हे ठरत नाही, हे आपण मराठी इतिहासाचे वाचक जाणतो. वस्त्रे देणाऱ्याचा दृष्टिकोन त्यातून कळतो. हाइझमनची यादीही तशीच वाचावी.

२५) माझा निवाडा: हाइझमन १९५६ – जिम ब्राउन, सिरॅक्यूज. दुसरा मेजर्स, तिसरा मॅकडॉनल्ड. हॉर्नंग या तिघांनंतर. कोणाचे मत वेगळे असेल तर अवश्य खोडून काढावे. अट एकच: पुरावा १९५६च्या हंगामातलाच हवा, बखर चालणार नाही. 🏈

#इतिहास #धागा