पुढच्या स्प्रिंगा मऊ हव्यात

मॉरिस ऑली हा इंजिनिअर रोल्स-रॉईस सोडून १९३० साली डेट्रॉइटला कॅडिलॅकमध्ये आला, तेव्हा आलिशान मोटारींची इंजिनं मुलायम चालत, गाद्या उंची असत, पण खड्डा आला की मागे बसलेल्याची मान हिसका खायचीच. पुढचे पाटे ताठ, मागचे मऊ; त्यामुळे गाडी पुढेमागे झुलायची. १९३२ मध्ये ऑलीने एका सात आसनी लिमोझिनला मागेपुढे सरकवता येतील अशी वजनं लावली, स्प्रिंगांचा ताठरपणाही बदलता येईल अशी सोय केली आणि माणसं बसवून ती फिरवली. आराम मोजणारं यंत्र नव्हतं. बसणाऱ्याला काय वाटलं, हाच निकष. या सगळ्या खटपटीत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. उत्तर सापडलं ते रूढ पद्धतीच्या अगदी उलट: पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो; मागची बाजू उशिरा हलते, पण तिची लय जलद असल्याने ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी न झुलता सपाट वरखाली होते. अडचण एवढीच, की अखंड आसावर इतक्या मऊ स्प्रिंगा लावल्या की पुढची चाकं थडथडत आणि स्टिअरिंग हातात थरथरे. म्हणून पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र टांगावं लागलं. १९३४ च्या कॅडिलॅकमध्ये ही रचना आली, आणि लवकरच खुद्द रोल्स-रॉईसनेही फँटम ३ साठी तीच वाट धरली.