सुरक्षा केंद्र हैदराबादेत, पण खासगीपणाचे काय?

गेल्या १८ जून २०२५ रोजी तेलंगणाचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांच्या उपस्थितीत हैदराबादेत गूगलच्या सुरक्षा अभियांत्रिकी केंद्राचे उद्घाटन झाले. डब्लिन, म्युनिक आणि मालागा यांच्यानंतरचे हे जगातील चौथे आणि भारतातील पहिले केंद्र. ऑनलाइन फसवणूक रोखणे, सायबर सुरक्षा बळकट करणे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर यांवर त्याचा भर आहे. शहराची निवड समर्पकच म्हणावी लागेल. याच शहराच्या सायबराबाद पोलिसांनी एप्रिल २०२३ मध्ये फरीदाबादच्या एका इसमाला अटक करून, त्याच्याकडे २४ राज्ये आणि ८ महानगरांतील ६६.९ कोटी व्यक्ती व संस्थांची माहिती सापडल्याचे जाहीर केले होते. ती १०४ वर्गांत लावलेली होती, दुकानातल्या फळ्यांवर माल लावावा तशी.

तथापि, सुरक्षा आणि खासगीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत कंपन्यांच्या सोयीची असते. घराला भक्कम कुलूप असले म्हणजे चोर आत शिरत नाही. पण घरमालकच भाडेकरूकडे कोण येतो-जातो याची टिपणे ठेवून ती व्यापाऱ्यांच्या उपयोगी आणत असेल, तर कुलपाचा काय उपयोग? गूगलचा क्रोम ब्राउझर पहिल्या बाबतीत उत्तम आहे. प्रश्न दुसऱ्या बाबतीत आहे, कारण गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे.

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा त्या पानावर जाहिरात कंपन्यांचे तुकडेही उतरतात आणि आपल्या ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची खूणचिठ्ठी ठेवून जातात. दुसऱ्या संकेतस्थळावर त्याच कंपनीचा तुकडा असला की ती खूण ओळखली जाते आणि आपल्या वाचनाचा माग जुळत जातो. (आमच्यासारखी वृत्त-संकेतस्थळेही बहुतांशी जाहिरातींवरच चालतात, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.) ॲपलच्या सफारीने अशा त्रयस्थ कुकी मार्च २०२० पासून सरसकट रोखल्या. मोझिलाच्या फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी स्वतंत्र कप्प्यात कोंडल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये त्या दोन वर्षांत हद्दपार करण्याचे आश्वासन दिले, मुदत वारंवार पुढे ढकलली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरकर्त्याला वेगळा प्रश्न विचारण्याचाही विचार रद्द केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी हैदराबादचे केंद्र उघडले. ‘इन्कॉग्निटो’ खिडकीवर विसंबणाऱ्यांनी तर हेही लक्षात घ्यावे की, त्या खिडकीतून गोळा झालेल्या माहितीवरून अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलला अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य करावे लागले.

मग निवड कोणाची करावी? केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये चेन्नईच्या झोहोला एक कोटीचे पहिले पारितोषिक मिळाले. तिचा ‘उला’ माग काढणाऱ्यांना अडवतो, परंतु त्याचा पाया गूगलच्याच क्रोमियमचा आहे. ब्रेव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या एजचाही तोच. ब्रेव्हने २०२० मध्ये काही आभासी चलनांच्या संकेतस्थळांचे पत्ते टाइप करणाऱ्यांच्या पत्त्यात स्वतःचा मोबदला-संकेत घुसवला होता. डकडकगोने मायक्रोसॉफ्टच्या काही मागकाढ्यांना सूट दिल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. दोघांनीही नंतर सुधारणा केली. फायरफॉक्स बिगर-नफा संस्थेचा. पण त्याचे बहुतेक उत्पन्न शोधयंत्राच्या करारापोटी गूगलकडूनच येते. निष्कलंक असा कोणी नाही. तरीही आमच्या मते फायरफॉक्स सरस ठरतो. त्याचा स्रोत खुला आहे, इंजिन स्वतःचे आहे आणि मागकाढूपणाला अटकाव ही त्याची मूळ मांडणी आहे, वापरकर्त्याने शोधून काढायची सवलत नव्हे.

ब्राउझरची मर्यादाही ओळखायला हवी. सायबराबादच्या प्रकरणातील माहितीत शैक्षणिक ॲप, वाहतूक सेवा अशा ठिकाणी लोकांनी आपण होऊन नोंदवलेला तपशीलही होता. तो कोणताही ब्राउझर वाचवू शकला नसता. तेथे कायदाच हवा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यावर आधारलेला कायदा २०२३ मध्ये आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

गोव्यासारख्या लहान राज्यात हा विलंब अधिक महागात पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार आपली लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. मुंबईत ‘चाळिशीचा, मधुमेहाची माहिती शोधणारा शिक्षक’ या वर्णनात हजारो लोक बसतील. काणकोण किंवा सत्तरीतल्या एखाद्या गावाचे नाव त्याला जोडले की एखादाच उरतो. नाव न घेताही माणूस ओळखला जातो. क्रोममध्ये त्रयस्थ कुकी बंद करण्याची सोय आजही सेटिंग्जमध्ये आहे. ती आपोआप सुरू होत नाही.