दोन वर्षांचें कॉलेज

आमच्या एका वृद्ध वाचक भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. बाई मूळच्या पुण्याच्या; यजमान वारल्यापासून वर्षांतील सहा महिने अमेरिकेंत, इलिनॉय राज्यांत, मुलाकडे राहतात. त्या लिहितात : "गुरुजी, आमची सून बी. कॉम. आहे. आतां बेचाळिसाव्या वर्षीं तिनें जोलिएट येथील कॉलेजांत नांव घातलें आहे. हें कॉलेज अवघें दोन वर्षांचें. संध्याकाळचा स्वयंपाक उरकून ती मोटार घेऊन जाते, ती रात्रीं दहाच्या सुमारास परत येते. वर्गांत कोण कोण असतात म्हणाल, तर मालमोटारी चालविणारे, हॉटेलांत भांडीं धुणारे आणि अठरा वर्षांचीं पोरें! बरें, शिकून करावयाचें काय, तर परिचारिकेचें काम. पुण्यास चारचौघांत सांगावें तरी काय? मीं नापसंती बोलून दाखविली, तेव्हां 'आपली इच्छा नसेल तर नांव काढून घेतें' एवढेंच ती म्हणाली. त्या दिवसापासून घरांत कामापुरतें बोलणें आहे. आपण तिच्यासाठीं दोन शब्द लिहावे."

बाईंनीं कोणते दोन शब्द अपेक्षिले आहेत, हें आम्ही जाणतों. ते आमच्या हातून लिहिले जात नाहींत. कां, तें सांगणें मात्र प्राप्त आहे.

जोलिएट हें शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारें चाळीस मैलांवरचें गांव. चुनखडीच्या दगडाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांवर तें वाढलें. १९०१ सालीं तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांनीं विचार करून एक प्रयोग आरंभिला. हायस्कूल संपविलेल्या मुलांस विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास गांवच्या त्याच शाळेंत शिकवावा, असा तो प्रयोग. आरंभीं विद्यार्थी मिळाले सहा. अमेरिकेंतील अशा सार्वजनिक कॉलेजांपैकीं आजतागायत अखंड चाललेलें सर्वांत जुनें कॉलेज तें हेंच.

हार्परसाहेबांचा हेतु केवळ परोपकाराचा होता, असें म्हणतां येणार नाहीं. विद्यापीठ हें संशोधनाचें पीठ व्हावें व पहिल्या दोन वर्षांचें ओझें अन्यत्र जावें, हेंही त्यांच्या मनांत होतें. परंतु ज्यांस घर सोडून दूर राहण्याचा खर्च झेपत नव्हता, त्यांच्या दाराशीं त्यामुळें कॉलेज आलें. पुढें अध्यक्ष ट्रुमन यांनीं नेमलेल्या मंडळानें १९४७ च्या अहवालांत अशीं कॉलेजें देशभर व्हावींत अशी शिफारस केली, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव रूढ झालें.

आज जोलिएटच्या कॉलेजाचा टापू सात कौंट्यांच्या कमीअधिक भागांत पसरला आहे. तेथील रहिवासी आपल्या मालमत्तेवरील करांतून त्याच्या खर्चाचा एक हिस्सा उचलतात व त्याचे विश्वस्त मतें देऊन निवडतात. म्हणून टापूंतल्यांस फी कमी, बाहेरच्यांस अधिक. हायस्कूल पुरें केलेल्या कोणासही दार उघडें. तें अर्धवट सोडलेल्या प्रौढांसाठींही वेगळे वर्ग. येथें दोन वर्षें काढून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत जाणारा मुलगा, वेल्डिंग शिकणारा कामगार, पाककला शिकणारी मुलगी आणि इंग्रजी नव्यानें शिकणारा परदेशस्थ, हे सर्व एकाच आवारांत येतात. मालमोटार चालविणारा शेजारीं बसतो, याचें कारण तें कॉलेज त्याचेंही आहे.

परिचारिकेच्या शाखेस मात्र हें दार इतकें मोकळें नाहीं. शरीरशास्त्रादि विषय आधीं उत्तीर्ण व्हावे लागतात आणि जागा मोजक्या असतात. दोन वर्षांची पदवी घेतलेली असो वा चार वर्षांची, नोंदणीसाठीं परीक्षा दोघींस एकच. कांहीं रुग्णालयें चार वर्षांचीस अधिक पसंत करतात, हेंही खरें. तसेंच, अशा कॉलेजांत नांव घातलेल्यांपैकीं पुष्कळ जण पदवी न घेतांच सोडून जातात. नोकरी, मुलें, घरांतील आजार, अशीं त्याचीं कारणें असतात. म्हणजे आपल्या सुनेची वाट सोपी नाहीं. तीवर घरच्या माणसांनीं आणखी एक धोंडा ठेवण्याचें कारण नाहीं.

आतां थोडें स्वतःविषयीं. आम्ही मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. संस्कृत शिकलों तें वडिलांजवळ व पाठशाळेंत. कॉलेज होतें जिल्ह्याच्या गांवीं. तेथें राहण्याजेवण्याचा खर्च वडिलांच्या आवांक्याबाहेरचा होता. म्हणून शिक्षकाची नोकरी धरली व छत्तीस वर्षें केली. त्या काळांत आमच्या वर्गांत एक मुलगी संस्कृतांत नेहमीं पहिली येई. तिचे वडील सल्ल्यास आले : "परगांवीं ठेवून शिकवावी काय?" ज्यास स्वतःस तीच अडचण भोवली होती, त्यानें तरी विचार करावयाचा, पण आम्ही म्हणालों, "मुलीच्या जातीला एवढें पुरे." मुलीचें शिक्षण तेथेंच संपलें. पुष्कळ वर्षांनीं ती आपल्या मुलीस शाळेंत घालावयास आली. आम्हांस वांकून नमस्कार केला आणि म्हणाली, "गुरुजी, हिला थांबवूं नका." त्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते अद्यापि विसरत नाहींत. तो सल्ला दुसऱ्यांदा देण्यास आमची जीभ वळत नाहीं.

"दोन वर्षांचें तें काय शिक्षण!" असें आपल्या मनांत येत असेल, तर वर सांगितलेल्या हार्परसाहेबांची एक गोष्ट ऐकावी. १८५६ सालीं ओहायो राज्यांतील एका लहानशा गांवीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं येल विद्यापीठाची पीएच. डी. वयाच्या विशीच्या आंत मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता लॅटिन, ग्रीक, संस्कृत व गॉथिक या भाषांतील शब्दयोगी अव्ययांची तुलना! संस्कृत शिकणाऱ्यास उपसर्गांचें सामर्थ्य सांगावयास नको. धातु एकच, 'हृ'. पण पुढें लहानसा उपसर्ग लागला कीं कोठें आहार, कोठें विहार, कोठें प्रहार. दोन वर्षांचा अभ्यास आयुष्याच्या मानानें असाच अल्प. पण त्यानें पुढच्या पंचवीस वर्षांचा अर्थ पालटूं शकतो.

राहिला प्रश्न परिचारिकेच्या कामाचा. आपल्याच पत्रांत शेवटीं आपण लिहितां कीं, यजमानांच्या अखेरच्या आजारांत रात्रपाळीची एक परिचारिका न कंटाळतां त्यांस कूस पालटून देत असे, आणि तिचें नांव विचारावयाचें राहून गेलें याची रुखरुख अजून आहे. भगिनी, तीही कोणाची तरी सून असेल. तिच्या सासूबाईंस तिच्या कामाची लाज वाटत होती काय, हें आपण कधीं मनांत आणलें नसेल, आतां आणावें.

सुनेनें नांव काढून घेण्याचें आपल्या शब्दावर ठेविलें आहे. तेव्हां तो शब्द आपणच आधीं बोलावा : "नांव काढूं नकोस." जमेल तर वर्गाच्या दिवशींचा स्वयंपाक आपण पत्करावा, नातवंडांस निजवावें आणि ती येईपर्यंत तिचें ताट झांकून ठेवावें. पुण्यास कोणी विचारलें तर सांगावें, सून रोग्यांची शुश्रूषा शिकत आहे. यापेक्षां अधिक सांगण्याची गरज पडणार नाहीं.

इत्यलम्.