विंचवाचे बिऱ्हाड चाकांवर

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगून गेले. घरालाच चाके लावावीत, त्यात बायकामुलांसह राहावे आणि वाटेत नोकरीही करावी, ही तिसरी परीक्षा बहुधा त्यांच्या ध्यानात आली नसावी. माझ्या आतेभावाच्या ध्यानात ती आली. तो अमेरिकेत असतो आणि त्याचे काम संगणकावरचे, कुठूनही करता येण्याजोगे आहे. गेल्या दिवाळीत त्याने फोनवर जाहीर केले, की भाड्याचे घर सोडून तो, वहिनी आणि अकरा व सात वर्षांची दोन मुले दोन-तीन वर्षे फिरत्या घरात राहणार. आई ऐकून म्हणाली, "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाडच की!" दादाने मात्र मला फर्मावले, "तू कॉमर्सची ना? मग कोणती गाडी घेऊ ते हिशेब करून सांग."

मी हिशेबाला बसले. वाचकहो, त्यातून माझे जे मत झाले ते येथे मांडते.

तिकडे या गाड्यांची दोन मुख्य घराणी आहेत. एकात इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असते, ते मोटरहोम. दुसऱ्यात घर वेगळे आणि ते ओढणारा ट्रक वेगळा, तो ट्रेलर. दादाचा ओढा मोटरहोमकडे, कारण ती दिसायला ऐटबाज. माझा कौल ट्रेलरला. मोटरहोमचे इंजिन बिघडले की गाडी गॅरेजात जाते आणि तिच्यासोबत स्वयंपाकघर, मुलांची अंथरुणे व कामाचे टेबलही जाते. ट्रेलर तळावर उभा करून ट्रक घेऊन भाजी आणायला जाता येते. बैलगाडीवाल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. बैल सोडले तरी गाडी जागच्या जागी राहते.

पुढचा प्रश्न वजनाचा. प्रत्येक गाडीवर ती जास्तीत जास्त किती भार सोसेल याचा आकडा लिहिलेला असतो. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की आपल्या संसाराच्या वाट्याला काय उरते ते कळते. २०० लिटर पाणी भरले की २०० किलो तेथेच गेले. मग भांडी, पुस्तके, सायकली. वापरलेले पाणी आणि संडासाचा मैला यांच्या टाक्या वेगळ्या. त्या ठरलेल्या ठिकाणी स्वतः रिकाम्या कराव्या लागतात. कडाक्याच्या थंडीत नळ गोठतात. शिवाय काही कंपन्यांची हमी गाडीत कायम राहणाऱ्यांना लागूच होत नाही, म्हणून विमा आणि हमीचे कागद आधी वाचावेत. मुलांना एकावर एक खाटांची स्वतंत्र खोली आणि काम करणाऱ्याला बंद होणारे दार, या दोन गोष्टी चकचकीत लाकूडकामापेक्षा मोलाच्या.

आता घसारा. मराठी शाळेतून आलेल्या मला पी.यू.सी.त हा धडा इंग्रजीत शिकावा लागला. कन्नड मैत्रिणीने त्याला 'सवकळी' म्हणतात असे सांगितले, तेव्हा तो खरा कळला. दोन्ही शब्दांत वस्तू झिजल्याचा आवाज आहे. जमिनीवरच्या घराची किंमत बहुधा वाढते, चाकांवरच्या घराची पहिल्या दिवसापासून उतरते. म्हणून घेणे झालेच तर वापरलेले घ्यावे. पण फार जुनेही नको, कारण तिकडचे अनेक खासगी तळ दहा वर्षांहून जुनी गाडी उभी करू देत नाहीत.

एवढे सारे लिहून काढल्यावर माझ्या ध्यानात आले, की गाडी हा या हिशेबातला शेवटचा आकडा आहे. त्याआधी तीन आकडे मांडायला हवेत. काम कोठून व किती दिवस? मुलांचे शिक्षण कसे? आणि कायमचा पत्ता कोणता? शेवटचा प्रश्न साधा वाटतो. पण मतदान, विमा, गाडीची नोंदणी सगळे पत्त्यावर चालते. म्हणून तेथे फिरते लोक दक्षिण डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा अशा राज्यांचा पत्ता घेतात. या तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही. मुलांना घरी शिकवायला पन्नासही राज्यांत परवानगी आहे, नियम मात्र वेगवेगळे. म्हणजे दादाच्या मागे कायदा उभा आहे, आणि नको वाटले तर परतायला दारही आहे.

ज्यांना असे दार नाही, असे लोकही तिकडे चाकांवर राहतात. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या २०१७ च्या पुस्तकात ते भेटतात. उत्तर डकोटा आणि मिनेसोटा यांच्या सीमेवर रेड नदीचे खोरे आहे. तेथे ऑक्टोबरात साखरेच्या बीटाचा हंगाम लागतो आणि गाड्यांत राहणारे कामगार बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात.

सीमेवरचा मुलूख, साखरेचा हंगाम, फिरते बिऱ्हाड! हे वाचताना मला आमचे शेतच दिसले. आम्ही चिकोडी तालुक्यातले. दिवाळीच्या सुमारास बीडकडून तोडणीवाले येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात. बैलगाडीत संसार असतो, फडाशेजारी कोपी उभी राहते. त्यांच्या हिशेबात गाडीची निवड नाही, तळाची नाही, मुलांच्या शाळेचीही नाही. गेल्या हंगामात त्यांतल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीने मला विचारले, "ताई, तुम्ही बारा महिने हितंच राहता?" माझ्या 'हो'चा तिला हेवा वाटला, आणि मला त्या 'हो'ची लाज वाटली.

माझे मत एवढेच, की फिरते घर चांगले की वाईट हे गाडीवरून ठरत नाही. निघण्याची आणि परतण्याची मोकळीक हाती आहे का, आणि वाटेत मुलांची पाटी सुटत नाही ना, यावर ते ठरते. दादाला मी कळवले, 'आधी शाळेच्या सुट्टीत महिनाभर भाड्याच्या ट्रेलरमध्ये राहा, एक पाऊस बघ, मग विकत घे.' त्याला ते पटले.

त्या मुलीला मात्र सल्ला देऊन भागणार नाही. तिची भाषा मराठी, आमच्या गावची शाळा कन्नड; मी स्वतः शेजारच्या गावच्या मराठी शाळेत जाऊन शिकले. या अंकाच्या दोन विभागांत लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना दोन्ही भाषा येतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबीर या हंगामात एखाद्या कोपीजवळ भरवता येईल. रोज दोन तास, मराठी वाचन-लेखन आणि कामापुरते कन्नड. तोडणी उरकली की ती मुले बैलगाडीत बसून जातील. पाटीचे वजन गाडीला जड होणार नाही.